उशिरा येणारा आवाज

लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचो तो गेम आता तळहातावर मावणाऱ्या यंत्रात चालतो. पण गेल्या आठवड्यात त्यात एक खोट सापडली. पडद्यावरचा गडी उडी मारून जमिनीवर टेकायचा आणि टेकल्याचा आवाज क्षणभर मागून यायचा. मी चार दिवस त्यामागे लागलो होतो. एखादं सेटिंग बदलायचं, गेम पुन्हा सुरू करायचा, तीच उडी मारायची आणि कान देऊन ऐकायचं. ना चिडचिड, ना कंटाळा.

शेजारच्या खुर्चीत बाबा असतात. आजारपणानंतर त्यांचं बोलणं अडखळतं. ओठ आधी हलतात, शब्द सावकाश येतो. ते "मला…" म्हणतात आणि मी पडद्यावरची नजरही न काढता विचारून टाकतो, "चहा?" ते मान डोलावतात. पुष्कळदा कप अर्धा तसाच राहतो.

काल अखेर आवाज उडीबरोबर आला. मी खुशीत बाबांना दाखवायला वळलो, तर त्यांचे ओठ हलत होते. एका यंत्राच्या क्षणभराच्या उशिरासाठी मी चार दिवस दिले होते. बाबांना मात्र कित्येक दिवसांत एक वाक्यही पुरं करू दिलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली. यंत्र बंद करून बाजूला ठेवलं.

"मला…" बाबा म्हणाले.

मी तोंड घट्ट मिटून वाट बघत राहिलो. तेही माझ्याकडे बघत राहिले, मी नेहमीसारखं विचारीन म्हणून. मग जरा ओशाळून त्यांनी स्वतःच वाक्य पुरं केलं.

"चहा."