कोंडवाड्यातली गियरची सायकल

चार सायकलवाले एकत्र आले की सायकल कमी चालते आणि किस्से जास्त जमतात. नव्वदच्या आसपास पनवेलला आमचं असंच एक टोळकं होतं. दर रविवारी भेटायचो आणि निम्मा रविवार पंक्चर काढण्यात घालवायचो.

म्होरके साठे. तळोज्याच्या एका कारखान्यात इंजिनियर, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट आपण डिझाइन करायची राहून गेलीय असं त्यांना वाटायचं. आपट्याच्या अलीकडे एका टेकडीवर जुनी पायवाट होती. गुरं, मोळ्या आणणाऱ्या बायका, सगळे तिथूनच जायचे. साठ्यांनी जाहीर केलं, "वाट सगळ्यांची. आपण फक्त सायन्टिफिक करायची."

*

सायन्टिफिक म्हणजे वळणं. चढ सोपा व्हावा म्हणून आम्ही कुदळी मारून नागमोडी वाट काढली. हाताला फोड आले. पुढच्या रविवारी बघतो तर बायकांनी मधूनच सरळ वाट पाडलेली. डोक्यावर मोळी घेऊन वळसे कोण घालणार? साठ्यांनी मधे काटेरी फांद्या टाकल्या. त्या आठवडाभरात गायब! पायथ्याच्या बारकीबाईनं तर आमचे आभारच मानले, तिच्या कुंपणाला कमी पडत होत्या.

ही बारकीबाई शेतकरीण. गावच्या कोंडवाड्याची किल्लीही तिच्याकडेच. दुसऱ्याच्या शेतात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात जायचं, ते मालक येईपर्यंत.

*

मग नियम आले. चढणाऱ्याला आधी वाट, उतरणाऱ्यानं थांबायचं. साठे चढत होते, समोरून म्हैस उतरली. साठे नियमावर ठाम राहिले. म्हैस मीटिंगला हजर नव्हती. करवंदीच्या जाळीतून ओढून काढताना साठे आम्हाला चूक कोणाची तेच समजावत होते.

*

पावसाळ्यात वाट वाहून जाऊ नये म्हणून साठ्यांनी आडवे चर खणले. वाट अगदी शाबूत राहिली. पाणी सगळं बारकीबाईच्या भाताच्या रोपांत! तेवढं कमी होतं म्हणून आमच्या टोळक्यातल्या मुकादमचे ब्रेक लागले नाहीत, आणि तो गियरच्या सायकलसकट त्याच रोपांत जाऊन थांबला.

सायकल त्याच्या थोरल्या भावाची, कुवेतहून आणलेली. हात लावायचा नाही असं भाईजान बजावून गेले होते आणि आता सुट्टीवर येणार होते.

बारकीबाईनं सायकल नेऊन कोंडवाड्यात, मालक न्यायलाच न आलेल्या एका बैलाशेजारी उभी केली. आम्ही चर बुजवले, वाचलेली रोपं पुन्हा लावली, हातापाया पडलो. ती म्हणाली, "ज्याचं हाय त्यानं यावं. रीत हाय."

*

भाईजान आले. घरी मुकादमला जे ऐकावं लागलं ते छापण्यासारखं नाही. मग कडक इस्त्रीचा सफारी, अत्तर, गॉगल अशा थाटात ते कोंडवाड्यापाशी उभे राहिले आणि सायकल आपलीच असल्याचं सांगितलं. सगळं गाव जमलेलं. बारकीबाईनं फाटक उघडलं, पण त्यांना आत जाऊ देईना.

"हाक मारा," ती म्हणाली. "मालकाच्या हाकेला जनावर येतं. आमी तसंच सोडतो."

भाईजाननी आमच्याकडे पाहिलं. आम्ही टेकडीकडे पाहिलं. शेवटी त्यांनी गॉगल काढला, घसा साफ केला आणि सायकलीला हाक मारली.

सायकल जागची हलली नाही. बैल मात्र उठला, बाहेर आला आणि त्यांच्या सफारीला नाक लावून उभा राहिला.

"न्या," बारकीबाई म्हणाली आणि फाटकाला कुलूप घातलं.