ठेवणीतला काचेचा ग्लास

हिरवं सरबत पुढे आलं की मला हडपसरच्या पुढची ती वस्ती आठवते. कचरा डेपोचं पाणी जमिनीखालून कुठवर जातं ते बघायला आम्ही डेपोलगतच्या बोअरमध्ये हिरवा रंग सोडला होता. काही आठवड्यांनी मी वस्तीवर विहिरीचं पाणी तपासायला गेले. डेपोचा आंबूस वास नाकात बसलेला. घरच्या बाईंनी पाहुणीसाठी ठेवणीतला काचेचा ग्लास काढला. “विहिरीचंच हाय, प्या की!” ग्लास तोंडाशी नेला, तर उन्हात पाणी हिरवट दिसलं. डेपोचं पाणी विहिरीत पोचलं होतं; मी ग्लास तसाच खाली ठेवला. दारात त्यांची नात स्टीलच्या पेल्यातून तेच पाणी घटाघटा पीत होती; पेल्यात रंग दिसत नव्हता. माझा चेहरा बघून बाई ओशाळल्या. “काच जुनी झालीय, थांबा, पेल्यात देते.” आमच्या घरात आता पाणी प्यायला स्टीलचा पेला नाही.