मामांनी मारलेला प्रोग्रॅम

शिफ्ट संपली की मामा बाह्या वर सारायचे आणि एका बोटाने कीबोर्डवर टकटक करत माझ्या प्रोग्रॅमचा जीव घ्यायचे. वर म्हणायचे, "खल्लास! चला, बस जाईल."

चाकणच्या आमच्या कारखान्यात ब्रेकच्या नळ्या तपासायच्या लाइनवर ते कंत्राटी ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. मूळचे लातूरकडचे. तपासणीची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम मी पायथनमध्ये लिहिलेला. तो पन्नास नळ्यांचे निकाल जमवून एकदम लिहायचा. बंद करताना कंट्रोल-सी दाबलं की हातातलं लिहून ठेवायचं आणि मगच थांबायचं, अशी सोय मी केली होती. पण मामा 'किल मायनस नाइन' ही आज्ञा मारायचे. त्यात प्रोग्रॅमला श्वास घ्यायचीही सवड मिळत नाही, हातातलं सगळं जातं. रोज तीस-चाळीस नळ्या पुन्हा तपासा! डोकं फिरायचं हो. तुमच्याही कामावर असं एखादं माणूस असेल.

"मामा, आधी कंट्रोल-सी दाबा म्हणून किती वेळा सांगू?"

"दाबलं की साहेब. ऐकंना ते."

"ऐकत कसं नाही? मी लिहिलंय!"

"मग तुमचं ऐकत आसंल," म्हणत ते डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढे करायचे. म्हणजे धड भांडायचीही सोय नाही.

शेवटी वैतागून मी मॅनेजरना मामांच्या तक्रारीची मेल टाकली. चारच ओळी. सोमवारी मामा आले नाहीत. कंत्राटदाराने त्यांना कमी केलं होतं.

त्यांच्या जागी आलेला माणूस सांगितलं तेवढंच करणारा. शिफ्ट संपताना त्याने माझ्यासमोर कंट्रोल-सी दाबलं. प्रोग्रॅम ढिम्म. पुन्हा दाबलं. ढिम्म!

कोड उघडला तेव्हा कळलं. थांबायचा निरोप आला याची खूण प्रोग्रॅम करून ठेवत होता, पण ती खूण बघायचा पुढची नळी स्कॅन झाल्यावर. शिफ्ट संपल्यावर पुढची नळी येणार कुठून? मी माझ्या टेबलावर एकामागून एक नळ्या स्कॅन करत तपासलं होतं, तेव्हा बरा थांबायचा. इतका गाढवपणा माझ्या हातून झाला आणि तक्रार मात्र मी मामांची केली.

कोड दुरुस्त केला, मॅनेजरना सगळं सांगितलं, मामांना परत घ्या म्हटलं. "चूक सापडली ते बरं झालं," ते म्हणाले. "जागा तर भरली आता."

मी मामांना फोन लावला. "मामा, चूक माझीच होती."

"आता बंद होतंय का नीट?"

"होतंय."

"बरं झालं. नव्या माणसाला ताप नको." मागे गर्दीचा गलका होता. "ठेवतो साहेब. तळेगावला एका कंपनीच्या गेटवर उभा हाय, नावं पुकारायलेत."