नाल्याला व्ह्यू म्हणत नाहीत

“स्टॉप, स्टॉप.” सरांनी हात वर केला. “नाला? नाल्याला व्ह्यू म्हणत नाहीत.”

सगळा क्लास हसला. मी उभीच. हातात कार्ड. कार्डावर इंग्रजीत लिहिलेलं होतं, तुम्हाला आवडणाऱ्या एखाद्या सुंदर दृश्याबद्दल बोला, तिथे फोटो काढायला आवडेल का ते सांगा. मी आमच्या घराच्या पत्र्यावरून दिसतं ते सांगत होते. संध्याकाळी मलंगगडाचा डोंगर काळा होतो, समोर नाला, जीन्स धुणाऱ्या कारखान्यांच्या रंगाने कधी कधी निळाशार. मला खरंच आवडतं ते. वास येतो, तरी आवडतं.

“ही काय नगरपालिकेत कंप्लेंट चाललीय का?” सर म्हणाले. “एक्झामिनरला ब्यूटी पाहिजे. काश्मीर बोल, मनाली बोल.”

“मी गेले नाही सर तिकडे.”

“कोण बघायला येणारे? तुमच्यासारख्यांनी सरळ पाठ करावं. मी लिहून देतो.”

तुमच्यासारख्यांनी. पहिल्या दिवशी मी पूर्ण नाव सांगितलं होतं, तेव्हा आडनावाशी सर जरा थांबले होते. मग विचारलं होतं, “राहायला कुठे?” बाकीच्या कुणाला विचारलं नव्हतं. मी ते लक्षात ठेवलं होतं. मी सगळंच लक्षात ठेवते. कोण गोड बोलतं, कोण ग्लास वेगळा ठेवतं, कोण नाव ऐकून हसू आवरतं. लोक म्हणतात, तू फार संशयी आहेस. आहे मी.

मी अंबरनाथला एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. एमआयडीसीतले कामगार येतात, भाजलेले, बोटं तुटलेले. परदेशात नर्सची नोकरी मिळते, पण आधी इंग्रजीची परीक्षा पास व्हावं लागतं. लिहिणं-वाचणं मला जमत होतं. बोलताना जीभ अडकायची. म्हणून उल्हासनगर कॅम्प चारमधला हा क्लास लावला. खाली साड्यांचं दुकान, वर क्लास.

सरांना फोटोग्राफीचा शौक. रविवारी ग्रुप घेऊन फिरायचे. क्लासभर त्यांनी काढलेले फोटो लावलेले. धुकं, धबधबा, बारवी धरण, पक्षी. मी कधी नीट बघितले नव्हते.

त्या दिवशी डोळे भरून आले. ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी शेवटच्या बाकावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. समोरच एक मोठी फ्रेम होती. दारात बसलेली बाई. डोक्यावरून पदर, चेहरा अर्धा झाकलेला. पुढ्यात जीन्सचा ढीग, हातात छोटी कात्री. मागे नाला, निळाशार. खाली इंग्रजीत नाव आणि बक्षिसाचा बिल्ला. वेटिंग फॉर होप.

आधी उंबऱ्याची लादी ओळखली. अर्धी हिरवी, अर्धी लाल. बाबांनी कुठल्यातरी बांधकामावरून दोन तुकडे आणून जोडलेली. मग अंगठा दिसला, चिंधी गुंडाळलेला. दिवसभर धागे कापून कात्री लागते म्हणून आई चिंधी बांधते.

आई होती ती.

मला रडू आलं नाही. उलट डोळे कोरडेच झाले. ज्या नाल्यावर आत्ता क्लास हसला, तोच नाला भिंतीवर होता. फ्रेममध्ये. बक्षीस घेऊन.

मी गुपचूप मोबाईलमध्ये त्या फ्रेमचा फोटो काढला आणि घरी जाऊन आईला दाखवला.

“अय्या, हे तर ते रविवारचे,” आई म्हणाली. “गळ्यात कॅमेरे घालून आले होते. त्यातला एक बोलला, मावशी, वर बघू नका, काम चालू ठेवा. मी विचारलं, कशाला काढता? तर बोलला, सरकारला दाखवायला. नाला साफ होईल.”

“आणि तू काढू दिलास?”

“नाला साफ होणार म्हटल्यावर काय करू? एक फोटो मला पण द्या म्हटलं. देतो बोलला. परत कोण येतंय.” ती फोटोकडे बघत राहिली. “खाली काय लिहिलंय?”

मी अर्थ सांगितला. आशेची वाट बघणारी.

“कसली आशा गं? शेठचा माणूस माल उचलायला येणार होता. त्याची वाट बघत होते.”

ती हसली. मला हसता आलं नाही.

पुढच्या क्लासला सरांनी मला आधी उभं केलं. “पाठ केलंस ना? चल, काश्मीर.”

मी फ्रेमकडे बोट केलं आणि इंग्रजीत बोलायला लागले. म्हटलं, हे दृश्य माझ्या घराचं आहे. ही बाई माझी आई आहे. तिला सांगितलं गेलं की फोटो सरकारला दाखवणार. जीभ कुठेच अडकली नाही. कुणी हसलं नाही.

सर टाळ्या वाजवायला लागले.

“व्हेरी गुड! काय इमोशन आहे! हेच परीक्षेत बोल. फुल मार्क्स.”

सर नाल्यावरून बोलले तेव्हा नुसतंच झोंबलं होतं. या टाळ्यांनी अंगाची आग आग झाली. आईचा फोटो त्यांनी बक्षिसाला वापरला, आता तिचं दुःख मी मार्कांना वापरायचं.

“मी मार्कांसाठी बोलले नाही, सर. फोटो उतरवा.”

“अगं, पब्लिक प्लेस आहे ती. कुणीही काढू शकतं.”

“तो आमचा उंबरा आहे.”

“तुला एक कॉपी देतो ना. बस खाली. नाटक नको.”

बाजूची सिंधी मुलगी माझी ओढणी ओढत होती. “दीदी, बैठ जाओ ना.” मी बाकावर चढले, फ्रेम उतरवली आणि सरांच्या टेबलावर पालथी ठेवली.

“आईला येऊन विचारा. ती हो म्हणाली तर लावा.”

पर्स घेतली. खाली उतरले.

चार दिवसांनी सरांचा फोन आला. आवाज मऊ. “आईला क्लासमध्ये घेऊन ये. सगळ्यांसमोर सत्कार करू. छान एक फोटोपण काढू.” आई बाजूलाच होती, स्पीकरवर ऐकत. तिने नुसती मान हलवली. नाही.

परीक्षा मी एकटीने अभ्यास करून दिली. मार्क थोडे कमी पडले. काश्मीर बोलले असते तर मिळाले असते का, माहीत नाही. पुन्हा बसणार आहे.

मध्ये त्या क्लासवरून गेले. जिना चढून दारातून बघितलं. फ्रेम परत तिथेच. नाव बदललेलं. नुसतं ‘मदर’.

म्हणजे आईला विचारायला अजून कुणी आलेलं नाही. ठीक आहे. आता सुट्टी असली की मी त्या जिन्यात उभी राहणार. वर जाणाऱ्या प्रत्येक पोरीला, प्रत्येक पोराला थांबवून सांगणार की भिंतीवरची बाई कोण आहे, काय काम करते आणि तिला काय खोटं सांगितलं गेलं. मराठीत सांगेन, हिंदीत सांगेन, इंग्रजीत सांगेन. सर हाकलतील. मी दुकानासमोर रस्त्यावर उभी राहीन. ती पब्लिक प्लेसच आहे.