आडवे न सरकणारे चाक

कचेरीबाहेरील माझ्या अर्ज लिहिण्याच्या टेबलाशी काल शांताबाई चाकाच्या खुर्चीतून आल्या. चाक आडवे सरकत नाही. म्हणून थोडे पुढे, थोडे मागे वळवीत त्यांनी खुर्ची अखेर टेबलाला बरोबर चिकटवली.

"ओढू का, बाई?"

"तुम्ही लेखणी चालवा, भाऊ. खुर्ची मी चालवते."

मी विचारात पडलो. काही बंधने केवळ चाल अडवतात. वळसा घेणाऱ्यास जागा नाकारत नाहीत. काही मात्र जागाच नाकारतात. बाईंच्या घराच्या हक्काची सुनावणी कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर होणार होती. गैरहजर राहिल्यास घर जाणार, आणि जिन्यापुढे कोणताही वळसा चालत नाही.

अर्जात आजवर कधीही न गाळलेले 'कृपावंत होऊन' हे शब्द गाळून मी लिहिले: अर्जदार वर येऊ शकत नाही, सबब सुनावणी खाली यावी.