पाहुण्यांची लाल टी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे जमेल की नाही सांगता येत नाही. मी आयुष्यात समतेसाठी एकच लढा जिंकलो. एकच! आणि त्या विजयानं एका भल्या माणसाला अंथरुणात ढकललं. असा पराक्रम तुमच्यापैकी कुणी केलाय? नाही ना? मग घ्या चहा आणि ऐका.

मी लातूरला कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवतो. आठवडाभर पोरांपुढे समतेवर घसा फोडायचा आणि शनिवारी नांदेडला आईच्या हातचं जेवायला यायचं, हा माझा क्रम. समता डोक्यात इतकी भिनलेली, की एसटीत खिडकीशी बसलेल्या माणसाशीही मी भांडलोय. अहमदपूरपर्यंत तुम्ही बसलात, आता इथून पुढं माझी पाळी!

तर नांदेडला रफिकचाचा असतात. माझ्या वडिलांचे जिवलग दोस्त. जुन्या गावात त्यांचं मोटर वायंडिंगचं दुकान. विष्णुपुरीच्या पुढे एक लहानसा गोल्फ क्लब आहे, तिथला पाण्याचा पंप चाचांनी वर्षानुवर्षं जिवंत ठेवला. असंच एकदा कुणा साहेबांनी गमतीनं त्यांच्या हातात स्टिक दिली. चाचांनी चेंडू असा हाणला की साहेब गप्प! पुढे ते रीतसर सभासद झाले. ग्रीस लागलेल्या हातांचा एकमेव सभासद.

मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हलकाच होता. चालणं-बोलणं परत आलं, उजव्या हाताचा जोर मात्र आला नाही. चाचीनं मला बोलावून घेतलं.

"बेटा, हफ्ताभर हा माणूस भिंतीकडं तोंड करून पडून राहतो. दुकानात न्हाई, चौकात न्हाई. इतवारी तेवढा उठतो, दाढी करतो, खेळायला जातो. तो इतवार गेला तर माणूसच गेला समज. तू जात जा संगं. तिथं त्यांना संगं पाहुणा लागतो म्हणतात."

पाहुणा लागतो! आता कुणीही शहाण्या माणसानं विचारलं असतं, कशाला लागतो? मी नाही विचारलं. मी म्हटलं, "चाची, बिलकुल फिकीर करू नका."

हे वाक्य लक्षात ठेवू नका. मला लाज वाटते.

क्लब म्हणजे डोळ्यांपुढे हिरवळ आणू नका हं. आपल्याकडं माणसाला पाणी पुरेना, गवताला कोण घालतो? तपकिरी माळ, बाभळी, आणि चेंडू ज्या खड्ड्यात घालायचा त्याच्याभोवती तेल मारलेली वाळू. खेळ सुरू होतो तिथंच समोर एक रुंद, काटेरी ओढा. पहिला टोला जिथून मारायचा त्या जागेला टी म्हणतात. अशा दोन टी. एक मागं, पांढऱ्या दगडांची, तिथून चेंडू ओढ्यावरून उडवून पलीकडं घालवायचा. दुसरी पुढं, लाल दगडांची, थेट ओढ्याच्या पलीकडं. तिथून समोर मोकळं रान.

मी पांढऱ्या दगडांपाशी जाऊन उभा राहिलो. तिथले सेक्रेटरी हसत आले. "सर, पाहुण्यांनी पुढून. लाल टी."

"का?"

"पद्धतच हाय. पाहुणे आणि लेडीज लाल टीवरून. सभासद पांढऱ्यावरून."

माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली. चाचांनी माझा दंड धरला. "जाऊ दे रे. पुढून मारू. मी पण तुझ्यासंगं पुढूनच मारतो. मेहमानाला एकटं सोडायचं न्हाई, सभासदानं मेहमानाच्याच टीवरून खेळायचं, असा कायदा हाय इथला."

आणि चाचा माझ्यासोबत ओढ्यावरचा पूल ओलांडून पुढं आले. माझ्यासाठी! इतक्या वर्षांचा हा सभासद, माझ्यामुळे त्याला बायकांच्या आणि उपऱ्यांच्या रांगेत उभं राहावं लागलं. चाचांनी टोला मारला. चेंडू थोडासाच गेला, पण सरळ गेला. "वाह!" असं स्वतःलाच म्हणून ते छान हसले. मला ते हसू बघवेना. अपमान गिळून माणूस कसा हसतो बघा, असं मी मनात म्हणत होतो. तुम्हाला म्हणून सांगतो, माझे डोळे भरून आले होते!

असे काही रविवार गेले. चाचा पुढून खेळायचे, हसायचे. मी पुढून खेळायचो, धुमसायचो.

एका रविवारी मी क्लबच्या कॅप्टनला गाठलं. कॅप्टन म्हणजे सैन्यातले नव्हेत, क्लबचे प्रमुख. जोंधळे साहेब, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले.

"साहेब, पाहुण्यांना वेगळी टी, ही विषमता आहे."

"अहो सर, पाहुणे नवखे असतात. ओढ्यात चेंडू घालतात, मग काट्यांत शोधत बसतात. मागची माणसं खोळंबतात."

"आणि बायका? त्यांना कुणी विचारलं?"

"इथं बाई शेवटची कधी आली होती ते मलाच आठवत न्हाई."

"का येईल? तुम्ही तिला आधीच लाल दगडांपाशी उभी केलीय!"

जोंधळे साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आवाज खाली आणला. "सर, तुम्ही रफिकभाईंना विचारलंत का? कधीकधी असला नियम कुणाच्या सोयीचा पण असतो."

"सोय!" मी ओरडलो. "प्रत्येक अन्यायाला हेच नाव देतात!"

व्हरांड्यात टाळ्या पडल्या. तिथं काही तरुण सभासद बसले होते, प्लॉटिंगचा धंदा करणारे. त्यांची बडी गिऱ्हाइकं पाहुणे म्हणून यायची आणि लाल दगडांपाशी उभं राहावं लागलं की तोंड पाडायची. या मंडळींना माझ्या रूपानं फुकटचा वकील मिळाला. "सर, लई भारी बोलता! क्लबच्या वार्षिक सभेला या ना. बोला सगळ्यांपुढं!"

परत येताना चाचा गाडीत म्हणाले, "नको बेटा. कशाला? आपलं चांगलं चाललंय ना."

"चाचा, तुम्हाला सवय झालीय अपमानाची."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. काहीतरी बोलणार होते. मग खिडकीबाहेर बघत बसले. मी त्याचा अर्थ काय काढला असेल? माझा मुद्दा त्यांना पटला!

सभेत मी असा बोललो, असा बोललो, की वर्गात कधी बोललो नव्हतो. पाहुण्याला देव मानणाऱ्या मराठवाड्यात पाहुण्याला पुढं हाकलता? दारात आलेल्याला वेगळ्या ताटात वाढता? एक म्हातारे सभासद तर डोळे पुसत होते. नंतर कळलं, त्यांना मोतीबिंदूचे थेंब घातले होते.

मग तरुणांनी माझाच ठराव मांडला: यापुढे पाहुणे सभासदांच्याच टीवरून खेळतील, यजमानही त्यांच्यासोबत तिथूनच. तरुणांचे हात झपाझप वर गेले. म्हाताऱ्यांचे गेले नाहीत. अगदी बरोबरीत अडकलं, चाचांचं मत तेवढं उरलं. जोंधळे साहेब बाकी सगळी सभा सोडून एकटक चाचांकडं बघत होते आणि हळूच मान हलवत होते. नको, नको. मला वाटलं, दबाव आणतोय हा माणूस! मी मोठ्यानं म्हणालो, "रफिकचाचा, घाबरू नका!"

सगळे वळून बघायला लागले. चाचांनी हात वर केला. डावा.

जिंकलो! मी पेढे वाटले. जोंधळे साहेबांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही पांढऱ्या दगडांपाशी उभे राहिलो. मागं तरुण मंडळी, त्यांची गिऱ्हाइकं, सगळा क्लब. मी चाचांना म्हणालो, "चाचा, पहिला मान तुमचा!"

चाचांनी स्टिक उचलली. टोला बसला. चेंडू उडाला, आणि ओढ्यात. दुसरा, ओढ्यात. तिसऱ्या वेळी स्टिकच हातातून निसटली आणि चेंडूच्या आधी काट्यांत जाऊन पडली. मागून कुणीतरी खुसखुसलं. कुणीतरी "श्श" केलं. ते "श्श" जास्त लागलं.

तेव्हा, त्या पांढऱ्या दगडांवर उभं असताना, माझ्या डोक्यात उजेड पडला. राज्यशास्त्रात एम.ए. आहे मी, उजेड पडायला वेळ लागतो. आजारपणापासून चाचांचा चेंडू ओढा ओलांडत नव्हता. सभासदाला लाल टी चालत नाही. पण पाहुणा सोबत असला तर चालते! म्हणून त्यांना पाहुणा लागत होता. लोकांना वाटायचं, रफिकभाई मेहमाननवाजी करून राहिलेत. मी त्यांच्यासोबत नव्हतो हो, ते माझ्या आडोशाला होते! आणि तो आडोसा मी स्वतः भाषण ठोकून पाडला.

मी सेक्रेटरींकडं धावलो. "मला लाल टीवरूनच खेळायचंय! मला येत नाही हो खेळता!"

"आता कसं जमंल सर? ठराव झालाय. तुमचाच हाय."

जोंधळे साहेब पुढं आले. "रफिकभाई, तब्येतीचं कारण लिहून घेतो. तुम्ही एकटे पुढून खेळा, कुणी काही म्हणणार न्हाई."

चाचा ताठ उभे राहिले. "साहेब, मेहमानासाठी पुढून मारत होतो. बीमार म्हणून न्हाई मारणार."

आणि काट्यांतली स्टिक तिथंच सोडून चालायला लागले.

गाडीपाशी मी रडकुंडीला आलो. "चाचा, मग हात वर कशाला केलात तुम्ही? मला गप्प बस म्हणायचं!"

"सगळे माझ्याकडं बघत होते, बेटा. आपल्याच मेहमानाच्या विरोधात माणूस बसंल का?"

महिनाभरात क्लबनं चाचांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, ज्येष्ठ सभासद म्हणून गौरव. त्या क्लबात शाल मिळाली की माणसानं व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून दुसऱ्यांचा खेळ बघायचा असतो. शाल घालायला प्रमुख पाहुणे कोण, ते विचारू नका. मीच घातली. तरुण मंडळींचा आग्रह होता, आणि नाही म्हणून मी चाचांना पुन्हा चारचौघांत कुठं अडकवू?

चाचा एक रविवार त्या खुर्चीत बसले. दुसऱ्या रविवारी दाढी केली, पण निघाले नाहीत. मग दाढीही राहिली. आता इतवारही भिंतीकडं तोंड करूनच जातो.

परवा गेलो होतो. चाचीनं माझ्यापुढं चहा ठेवला, पदरानं डोळे टिपले आणि माझा हात धरला. तिला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नाही. चाचांनी घरात एक शब्द काढलेला नाही.

"बेटा, क्लबवाल्यांनी काय केलं कोण जाणे, यांचं मनच उडालं. तू शिकलेला हाय. लोक म्हणतात तू लई चांगलं बोलतोस. एकदा जाऊन त्यांच्यासंगं बोल ना यांच्यासाठी!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून चाचांचा आवाज आला. कित्येक आठवड्यांत इतका खणखणीत पहिल्यांदाच.

"नको! त्याला बोलू देऊ नको! खुर्ची तेवढी उरली हाय माझी तिथं!"