कॅप्टनच्या रक्तातली भानगड

डेपोत तिला सगळे कॅप्टन म्हणायचे. तिथली एकुलती एक बाई ड्रायव्हर, पण नाव पडलं ते त्यामुळे नाही. एकदा उतारावर ब्रेक गेले, तेव्हा हिनं गिअर उतरवत उतरवत बस कडेच्या कठड्याला अशी घासत उभी केली, की मागच्या सीटवरच्या आजोबांची झोपसुद्धा मोडली नाही. सगळ्यांना सुखरूप उतरवलं आणि मग चाकाशी बसून भडाभडा ओकली. अशी ही बाई!

असल्या बाईला घरात मात्र एक वाक्य मुकाट गिळावं लागायचं: "बसचे धक्के गं, दुसरं काय!"

वाक्य सासूबाईंचं. कॅप्टनच्या पोटातलं बाळ दोनदा तिसऱ्या महिन्यात गेलं होतं आणि तिसऱ्यांदा पाचव्यात. आता सासूबाई दुष्ट होत्या असं समजू नका. दवाखान्यात उशाशी त्याच बसायच्या, भरवायच्याही त्याच. फक्त तोंडाला लगाम नव्हता. नवरा फ्रिज दुरुस्त करणारा, भलता गरीब. आई बोलायला लागली की हा स्क्रू शोधायला लागायचा. आणि खरी गंमत म्हणजे, गंमत कसली डोंबलाची, कॅप्टनलाही ते पटायला लागलं होतं. खड्डा आला की मनात यायचं: मीच घालवली माझी पोरं. पुन्हा धाडस करायचं तर स्टिअरिंग सोडायचं, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

तिसऱ्या खेपेनंतर डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. "कशाला हव्यात?" सासूबाई म्हणाल्या, "कारण तर तिकडे डेपोत उभं आहे." कॅप्टन बाही वर करून लॅबमध्ये बसली.

रिपोर्ट नवऱ्याच्या फोनवर आला, तेव्हा तो कुणाच्या तरी फ्रिजमध्ये डोकं घालून बसला होता. त्याला त्यातला एकच शब्द कळला आणि तो त्यानं घरी कळवला: "आई, पॉझिटिव्ह आलंय!"

झालं! सासूबाई गॅलरीतून शेजारणीला ओरडून सांगून मोकळ्या. संध्याकाळी कॅप्टन दारात येते तर दोघी स्वागताला उभ्या.

"बस गं, बस. आता पलंगावरून हलायचं नाही."

कॅप्टननं नवऱ्याकडून रिपोर्ट मागवून वाचला. मग हळूच म्हणाली, "आई, हे बाळाचं पॉझिटिव्ह नाही. माझ्या रक्तात दोष निघालाय." शेजारणीला कुठे बघावं कळेना. कॅप्टनच तिला म्हणाली, "काकू, गाडी जरा वेळेआधी सुटली. तुम्ही स्टॉपवर थांबा." आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी सासूसून डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी नीट समजावलं. रक्तात एक अँटीबॉडी आहे, तिच्यामुळे गुठळ्या धरतात. वारेत गुठळ्या झाल्या की बाळाला पोसणारं रक्तच अडतं. एकदा दिसून भागत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. तेव्हाही निघाली तर पुढच्या खेपेला एक छोटी गोळी आणि रोज पोटात इंजेक्शन.

"आणि बसचे धक्के?" कॅप्टननं विचारलं.

"छे हो! त्यांचा काय संबंध?"

रक्तात दोष निघाला म्हणून इतका आनंद कुणाला झाला नसेल! कॅप्टन हसतही होती आणि रडतही होती. आणि सासूबाईंच्या तोंडून ते वाक्य पुन्हा कधीच निघालं नाही.

तीन महिन्यांनी रक्तानं तेच सांगितलं. मग दिवस राहिले. खात्री कुणीच दिली नव्हती, तरी कॅप्टन रोज सकाळी स्वतःच्या हातानं सुई टोचून घ्यायची आणि ड्यूटीवर जायची. पोट निळंकाळं पडलं. जीव मुठीत धरून तिनं पाचवा महिना काढला. स्टिअरिंग पोटाला लागायला लागलं तेव्हा कुठे बाई खाली उतरली, तीही कुरकुरत. खरंच, मानलं पाहिजे तिला!

मुलगी झाली. आवाज असा खणखणीत, की नर्स म्हणाली, ही पण हॉर्न घेऊनच आली.

दुपारी वॉर्डात सासूबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या आधी माझीही दोन गेली होती."

कॅप्टनला हे ठाऊकच नव्हतं.

"पाणी मी भरायची ना घरातलं. सगळे म्हणाले, बादल्या उचलून घालवलीस. मीही तेच धरून बसले, आजपर्यंत." मग त्यांनी विचारलं, "माझंही रक्तच असेल का गं?"

कॅप्टन टाके सांभाळत सरकली आणि त्यांना पलंगावर जवळ बसवून घेतलं.

"ते आता कळायचं नाही, आई. पण बादल्यांनी नाही गेली. हे मी लिहून देते."

सासूबाईंनी नात तिच्या हातात दिली. मग दोन्ही हातांत तोंड लपवून त्या आपल्या दोन लेकरांसाठी रडल्या.